टाकीवरचं स्वस्तिक

भिक्षुकी काही पायी होत नाही. झरी गावात राहून आसपासच्या वीस-पंचवीस गावांत वास्तुशांती, सत्यनारायण, लग्नं लावायची तर बुडाखाली काहीतरी हवं, म्हणून मोटारसायकल घेतली. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. समिधा, केळीचे खांब, चौरंग, यजमानाने दिलेलं गव्हाचं पोतं, एकदा तर गोदानाचं वासरू टाकीवर आडवं घालून आणलं. सीटचं रेक्झिन तीनदा बदललं, काळ्या रानातल्या चिखलाने मडगार्ड खाल्लं, इंडिकेटर कधीच गेले. मी हात दाखवून वळतो. इंजिनाने मात्र कधी कुरकुर केली नाही. आमची ही म्हणते, घरात माझ्यापेक्षा फटफटीचे लाड जास्त. खरं आहे, मी कशाला नाकारू?

माझी साठी उलटली तशी ती नवी स्कूटर घ्या म्हणून मागे लागली. बटण दाबलं की सुरू. मी दाद देईना. शेवटी तिने अट घातली, "हिच्यापायी एक जरी मुहूर्त चुकला, तर फटफटी विकायची." मी छातीठोकपणे हो म्हणालो.

गेल्या दसऱ्याला बोरीत एका किराणा दुकानाचं उद्घाटन होतं. दुपारी सव्वादोनची वेळ मीच काढून दिली होती. सकाळपासून गावातल्या ट्रॅक्टरांची, मळणीयंत्रांची पूजा करून आलो आणि वाटलं, दुनियेच्या यंत्रांना कुंकू लावतो, आपलीच तेवढी उपाशी. लोकांच्या ट्रॅक्टरवर मी चार अक्षता टाकून मोकळा होतो. हिला पंचामृताने न्हाऊ घातलं आणि टाकीच्या झाकणावर ओल्या कुंकवाचं चांगलं जाड स्वस्तिक काढलं. वर झेंडूची माळ.

पाच-सहा किलोमीटर मजेत गेली. मग धापा टाकू लागली आणि बोरीच्या अलीकडे बंद. प्लग पुसला, गाडी डावीकडे कलती करून पाहिली, किक मारून मारून गुडघा दुखायला लागला. दोन वाजले होते. आता फटफटी जाणार, एवढंच डोक्यात.

शेजारच्या सोयाबीन काढलेल्या रानात एक मेंढपाळ मेंढ्या चारत होता. काठी खांद्यावर टाकून तो आला.

"काय म्हाराज, कवाधरनं किक मारायलाव?"

त्याने प्लगकडे पाहिलंही नाही. टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून आत हवा शिरली. तो हसायलाच लागला.

"हिनं दम कुठून घ्यावा? नाकच बुजवलं की तुमी!"

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. सत्तावीस वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं, आणि मी मंत्र म्हणत नेमकं त्या भोकावर कुंकू थापलं होतं. त्याने बाभळीचा काटा मोडला, भोक मोकळं केलं, झाकण धोतराला पुसलं. दुसऱ्या किकला गाडी बोलू लागली. मी देऊ केलेली दक्षिणा त्याने घेतली नाही, माळेतलं एक फूल तेवढं पटक्यात खोवलं.

"माझ्याकडं बी असलीच फटफटी हाय. मेंढी म्होरं, बायकू मागं. लय वर्सं झाली, मरत न्हाई ती."

बोरीत पोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते. यजमान हसत म्हणाला, "गुरुजी, दसऱ्याचा अख्खा दिवसच मुहूर्त की." हे मीच त्याला शिकवलेलं. गप्प बसलो असतो तर घरी कोणाला कळलं असतं? पण शब्द दिला होता. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी आमच्या हिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "उद्या गिऱ्हाईक बघतो."

ती ओवाळण्याचं ताट लावत होती. "त्या माणसाची तुमची ओळख होती?"

"नाही."

"स्कूटर अशी बंद पडली असती, तर त्याला काट्यानं सुरू करता आली असती?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिने निरांजनातली वात सारखी केली.

"मुहूर्ताचं मला काय पडलंय?" ती म्हणाली. "या वयात कुठंतरी रानात एकटेच अडकून बसाल, याचाच जिवाला घोर होता. राहू द्या हीच. हिला रस्त्यावरचं कुणीबी नीट करतंय."