संदर्भ क्रमांक एक

विहिरीत चार दिवस जंतुनाशक पावडर पडलेली नाही, जलसुरक्षकाने कर्तव्यात कसूर केला आहे, सबब त्याच्यावर कारवाई व्हावी... इथपर्यंत मी लिहिले होते. तेवढ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई दारात आला. मी तक्रार सांगू लागताच म्हणाला, "काका, पावडर कोण टाकणार? जानू सोमवारी गेला. ताप डोक्यात चढला." पत्र अर्धेच राहिले. त्यालाही आता दीड महिना झाला.

जानू आमच्या रानशेतच्या विहिरींचा जलसुरक्षक. मी न्यायालयातला निवृत्त शिरस्तेदार. ओढ्याकाठच्या एका कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध मी अकरा वर्षे शासनाला पत्रे लिहिली. विषय, संदर्भ, कलम, सारे बिनचूक. उत्तर ठरलेले: आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित केले आहे. कायदा इतका सुरेख की वाचताना आजही ऊर भरून येतो. ओढ्यापर्यंत मात्र तो पोहोचत नव्हता. जानू चौथी शिकलेला. रोज सकाळी पावडर कालवून विहिरीत सोडायचा, तासाभराने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकायचा. पिवळे झाले की पाणी पिण्याजोगे. ओढ्यालगतच्या विहिरीत दुप्पट पावडर टाकूनही नळी पिवळी होईना. बायका चेष्टा करत, "जानू, तुझा पिवळा रुसला काय रे?" तो हसला नाही. थंड पेयाची रिकामी बाटली धुऊन त्याने ते पाणी भरले आणि एसटीने नेऊन थेट प्रदूषणाच्या कार्यालयात साहेबाच्या टेबलावर ठेवले. आठवड्याच्या आत अधिकारी गावात हजर! माझी अकरा वर्षे, आणि त्याची एक बाटली...

मग मी त्याच कार्यालयाला पत्र लिहिले. नमुना मोहोरबंद नाही, अधिकृत अधिकाऱ्याने घेतलेला नाही, कारखानदारास नोटीस नाही. सबब पुराव्यात अग्राह्य. प्रत्येक शब्द खरा होता. हेतू निव्वळ मत्सराचा. त्याची प्रत कारखान्याच्या वकिलाच्या हाती गेली आणि कारवाई थांबली. तो सारा उन्हाळा पाड्यावरची मुले जुलाब-उलट्यांनी बेजार होऊन जीपमधून कासा गावच्या रुग्णालयात जात राहिली.

जानू भांडायला येणार म्हणून मी उत्तर तयार ठेवले होते. तो आला आणि ओट्यावर टेकला. "कागद बरोबर आहे तुमचा, काका. आता पानी कागदात कसा बसवायचा, तेवढा सांगा."

मी सांगितले. त्याने तिथेच बसून तीन ओळींचा अर्ज लिहिला. नमुना कायद्याप्रमाणे घेतला गेला आणि सांडपाणी बंद झाले. आदेश आला तेव्हा मी आधी संदर्भाची ओळ पाहिली. नोंद एकच होती, क्रमांक एक: जानूचा अर्ज. मला आनंद झाला नाही, हे आज लिहिणे भाग आहे.

जानू गेल्यावर त्याच्या मुलीने ती नळी आणून दिली. म्हणाली, "बाबा बोललेला, नळी काकांना द्या. त्यांना पुरावा लागतो."

अर्धे पत्र मी पूर्ण केले. कसुराचा मजकूर खोडला, नवा जलसुरक्षक तातडीने नेमावा अशी मागणी केली आणि संदर्भ क्रमांक एकपुढे जानूचे नाव घातले. मृत व्यक्ती हा संदर्भ होऊ शकत नाही, अशी त्रुटी कार्यालय काढील. काढू दे. तोवर विहिरीत पावडर मीच सोडतो आणि नळी उजेडात धरतो. पाणी पिवळे होते. पण काठावरच्या बायका माना वाकवून पाहतात आणि म्हणतात, "पिवळा आला हो काका... पण जानूसारखा नाही."