चालायची शिट्टी

हिया सेंगच्या शवपेटीशेजारच्या फोटोत हिया सेंग पळत होता.

पाकनामफो गावात असा फोटो कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून फुलांच्या कमानीत ठेवतात, आणि त्या फोटोत प्रत्येक जण आपण मेल्याची बातमी आत्ताच कळल्यासारखा समोर बघत असतो. हिया सेंग मात्र नारिंगी बनियन घालून, छातीवर सातशे चौदा नंबर लावून, अंगठा वर करून सगळे दात दाखवत होता. एका दृष्टीने ते बरोबरच होतं. मोची नावाच्या मऊ मिठाईच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून चाळीस वर्षं तो असाच हसला होता.

फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर होतं. स्टुडिओवाल्याने शेजारचा माणूस कापून टाकला होता, पण कोपर राहून गेलं. ते थामरोंगचं. विहाराच्या मंडपात तो रोज संध्याकाळी दुसऱ्या रांगेत बसायचा, हात जोडून भिक्खूंचं पठण ऐकायचा आणि आपल्याच कोपराकडे बघत राहायचा.

"काय रे थाम, शेंगदाणे खा की," शेजारची वानदी म्हणायची. ती बाजारात तळलेली केळी विकते आणि कुठल्याही प्रसंगी कुणालाही खायला घालू शकते. "आणि आपला पंखा पाहिलास का? तिसऱ्या रांगेत लावलाय. हिया असता तर म्हणाला असता, मंडळाची इज्जत काय ती, पुढे घ्या."

फुलांच्या चक्राऐवजी हल्ली पंखे द्यायची पद्धत पडली आहे. नंतर विहाराला उपयोगी पडतात. मंडळाने तीन वेगांचा टेबलपंखा दिला होता आणि त्याच्या जाळीवर पट्टी चिकटवली होती: 'थोडं पळू थोडं चालू मंडळाकडून, हिया सेंग यांना प्रेमपूर्वक.' थामरोंग पट्टीकडेही बघायचा नाही. त्या मंडळाची शिट्टी त्याच्या गळ्यात असायची.

थामरोंग म्हणजे नदीकाठच्या शाळेचा शिपाई. एकतीस वर्षं त्याने घंटा वाजवली. आठ वाजता झेंड्याची, बाराला जेवणाची, साडेतीनला सुटीची. गावातले दुकानदार त्याच्या घंटेवर आपली घड्याळं लावत. एका मुख्याध्यापकाने भाषण रंगलं म्हणून घंटा पाच मिनिटं थांबवायला सांगितली, तेव्हा थामरोंगने नम्रपणे मान डोलावली आणि वेळेवर घंटा वाजवली. बायको त्याला म्हणायची, तुमच्या अंगात रक्ताऐवजी सेकंद फिरतात. ती गेली, त्यानंतर वर्षभराने तो निवृत्त झाला, आणि मग सेकंदांचं काय करायचं हे त्याला कळेना. तळ्याकाठच्या बाकावर बसून तो मुलांच्या झोपाळ्याचे हेलकावे मोजायचा.

त्याला त्या बाकावरून उठवलं हिया सेंगनेच. हियाच्या हृदयाच्या नळ्यांत डॉक्टरांनी दोन जाळ्या बसवल्या होत्या. त्याची मुलगी ख्वान राजधानीत नर्स आहे. तिने डॉक्टरांशी बोलून एक कागद लिहून दिला: एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. कागद फ्रिजवर लागला. पण मोची विकणाऱ्या माणसाला मिनिट म्हणजे काय ते कुठून कळणार? जिभेवर मोची विरघळायला लागतो तेवढा वेळ, एवढीच त्याची कल्पना. मग हियाची बायको, जिला सगळे आसो म्हणजे वहिनी म्हणतात, ती स्वतः छत्री घेऊन तळ्याकाठी आली.

"थाम," ती म्हणाली, "हा माणूस माझं ऐकत नाही, मुलीचं ऐकत नाही. घंटेचं ऐकेल. लहानपणी शाळेतून पळून जायचा, तेवढी फेड करू दे. मिनिट झालं की ह्याला थांबव."

"थांबवतो आसो," थामरोंग म्हणाला.

तेव्हापासून एक तोकडी शिट्टी म्हणजे पळा, एक लांब शिट्टी म्हणजे चाला. शिट्टी ऐकून आधी वानदी आली, मग तिच्या गुडघेदुख्या बहिणी, मग निवृत्त पोस्टमन, आणि बघता बघता सोळा माणसांचं मंडळ झालं. नारिंगी बनियन हियाने शिवून दिले, त्यामुळे पाठीवर मोचीचं चित्र आलं.

पळणाऱ्या माणसाला कशाचीच लाज वाटत नाही. तो गावभर अर्ध्या चड्डीत फिरेल, बायाबापड्यांसमोर बगलेत मलम चोळेल, आपल्या पायाच्या काळ्या पडलेल्या नखाचा फोटो नातेवाइकांना पाठवेल. पण चालताना कुणी पाहिलं तर मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं. बँकेतली तरुण मंडळी तळ्याला भराभर फेऱ्या मारायची आणि जाता जाता विचारायची, "काय काका, रस्त्यात काही पडलं का? शोधू लागू?" म्हणून लांब शिट्टी झाली आणि तेवढ्यात बँकवाले दिसले की मंडळात एकदम कामं निघायची. पोस्टमन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा. वानदी फोन कानाला लावून मेलेल्या सासूशी बोलायची. हिया कमरेवर हात ठेवून तळ्यातल्या माशांची चौकशी केल्यासारखा उभा राहायचा.

आणि फोटोवाला दिसला की सगळे पळायचे.

हे फक्त आमच्याच मंडळाचं नाही. शर्यतीच्या रस्त्यावर झाडाखाली बुटक्या स्टुलावर कॅमेरेवाला बसलेला असतो. त्याच्या अलीकडे शंभर पावलांवर सगळं गाव रडतखडत चालत असतं, त्याच्यासमोर सगळं गाव हरणासारखं उडत असतं, आणि त्याच्या पलीकडे सगळं गाव कमरेत वाकलेलं असतं. हियाला ह्याची भारी हौस. "थाम, जरा शिट्टी धर, फोटो होऊ दे," असं तो दर शर्यतीत म्हणायचा. आणि थामरोंग दर वेळी डोळे घड्याळावर ठेवून वेळेवर लांब शिट्टी मारायचा. त्यामुळे हियाचे आजवरचे सगळे फोटो चालतानाचे होते, चेहऱ्यावर थामरोंगविषयीचा राग.

"मुख्याध्यापकाला जुमानलं नाहीस, मला काय जुमानणार," हिया म्हणायचा आणि त्याच्या पाठीत थाप मारायचा.

विहाराच्या छपरासाठी दहा किलोमीटरची शर्यत होती तो डिसेंबरातला रविवार. थंडी होती, म्हणजे आमच्या मानाने. वानदीने कानटोपी घातली होती. निघताना आसोने हियाच्या छातीवरचा नंबर पिनांनी नीट लावला आणि थामरोंगकडे बघून नुसती मान हलवली. पाच किलोमीटर सगळं घड्याळाबरहुकूम झालं. मंडळ मागे पांगलं, पुढे दोघंच उरले.

सातव्या किलोमीटरला, तळ्याच्या वळणावर, पळायचं मिनिट संपत आलं आणि थामरोंगला समोर चिंचेच्या झाडाखाली फोटोवाला दिसला. उजवीकडून कोवळं ऊन येत होतं, मागे तळं, रस्त्यावर दुसरं कुणी नाही. थामरोंगच्या मनात आलं, हा फोटो चांगला येईल.

शाळेत दर वर्षी सगळ्यांचा फोटो निघायचा. झेंड्याखाली, घंटा झाल्यावर. मास्तर, बाई, मुलं, कँटीनवाली, कधी कधी शाळेचा कुत्राही. थामरोंग घंटेच्या दोरीपाशी असायचा, फोटोच्या बाहेर. एकतीस फोटो झाले. त्याने कधी तक्रार केली नाही. ते आठवतंय हेसुद्धा त्याला त्या वळणावर पहिल्यांदाच कळलं. शिट्टी ओठात होती. त्याने ती सोडून दिली, गळ्यात लोंबू दिली.

"थाम, शिट्टी?" हिया म्हणाला.

"पुढे फोटोवाला आहे हिया. जरा पळत राहा."

हियाने वळून त्याच्याकडे पाहिलं, आश्चर्याने, मग त्याला हसूच फुटलं. तू सुद्धा, असं काहीसं. अंगठा वर गेला. फोटो निघाला. पण पुढे साठ पावलांवर दुसरा फोटोवाला होता, आणि पुलाच्या तोंडाशी तिसरा. तिसऱ्यानंतर थामरोंगने लांब शिट्टी मारली. हिया चालायला लागला, दहा-बारा पावलं चालला, पुलाच्या कठड्याला हात लावला आणि कुणाला तरी वाट करून द्यावी तसा बाजूला होऊन खाली बसला. दवाखान्याची गाडी लवकर आली. तिचा उपयोग झाला नाही.

आसोने तो फोटो निवडला, कारण चाळीस वर्षांच्या संसारातल्या एकाही फोटोत नवरा इतका खूश नव्हता. रोज संध्याकाळी पठण झालं की ती आल्यागेल्याला सांगायची, "हा थाम. ह्याने तीन वर्षं त्यांना सांभाळलं. एक सेकंद इकडेतिकडे नाही." लोक थामरोंगला हात जोडायचे. तोही जोडायचा. घरी जाऊन भाताची पेज समोर घेऊन बसायचा, आणि ती तशीच मोरीत ओतायचा.

सहाव्या दिवशी दुपारी दहन होतं. मंडपामागच्या स्वयंपाकघरात आसो एकटीच होती. चंदनाच्या सालपटांची फुलं ताटात लावत होती, प्रत्येकाने पेटीपाशी एक ठेवायचं असतं. थामरोंग दारात उभा राहिला.

"जेवलास का?" आसोने विचारलं.

"जेवलो," तो म्हणाला. जेवला नव्हता. "आसो, त्या दिवशी मी चालायची शिट्टी वेळेवर मारली नाही."

आसोचे हात चालूच राहिले. "का?"

"फोटोवाला होता."

"त्यांनीच सांगितलं असेल. हौस फार."

सुटायला दार उघडं होतं. थामरोंगने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. "हियाने नाही सांगितलं. मला हवा होता फोटो," तो म्हणाला.

आता हात थांबले. बाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. वानदी कुणाला तरी बर्फाचं पाणी घ्या म्हणून दटावत होती.

"किती?" आसो म्हणाली.

"काय किती?"

"किती जास्त पळवलंस?"

दुसरा कुणी असता तर थोडंसं म्हणाला असता, लक्षात नाही म्हणाला असता. थामरोंगला तसलं उत्तर येतच नव्हतं. "दोन मिनिटं चाळीस सेकंद."

आसोने हातातलं फूल ताटात ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"डॉक्टर म्हणाले, झोपेतसुद्धा झालं असतं," ती म्हणाली.

"म्हणाले खरं."

"पण झोपेत नाही झालं." तिने ताट बाजूला सरकवलं. मग एकदम खालच्या आवाजात, दुकानात नोकराला सांगावं तसं सांगायला लागली. "ऐक. मी ख्वानला म्हटलं होतं, बाबांना नुसतं चालू दे. ती म्हणाली, आई, एक मिनिट पळलं तर चालतं. तिच्या हातचा कागद अजून फ्रिजवर आहे, काढू देत नाही मला. रोज विचारते, बाबा शिट्टीप्रमाणेच पळत होते ना. नर्स आहे ती. दोन मिनिटं चाळीस ऐकलं की ती बसेल मांडत, कितव्या सेकंदाला काय झालं असेल. जन्मभर मांडत बसेल. तिला तीस सेकंद सांग."

"आसो, तीस नव्हते."

"मला माहीत आहे किती होते. तू आत्ताच सांगितलंस." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. "तीस सेकंद कुणाच्याही हातून जातात. तीस सांग."

ख्वान आत आली. काळा पोशाख, डोळे सुजलेले. "आई, वेळ झाली. अरे, आजेक, तुम्ही इथे होय." थामरोंगला ती लहानपणापासून आजेक म्हणजे काका म्हणायची.

"आजेक सांगतायत," आसो म्हणाली, "त्या दिवशी लांब शिट्टीला जरा उशीर झाला. तीस सेकंद."

ख्वानने त्याच्याकडे पाहिलं. "तीस?"

"तीस," थामरोंग म्हणाला.

तिचे ओठ किंचित हलले, मोजत असावी. मग तिने श्वास सोडला. "तीस सेकंदांनी काही होत नाही, आजेक. तुम्ही हे घेऊन बसला होतात का इतके दिवस? चेहरा बघा तुमचा." तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही होतात म्हणून बाबा तीन वर्षं जगले."

आसो ताट उचलून दोघांच्या मधून बाहेर गेली.

थामरोंगकडे सांगायची आणखी एक गोष्ट होती. हियाने शिट्टी मागितली होती. थाम, शिट्टी, असं म्हणाला होता, स्पष्ट. ती गोष्ट तीस सेकंदांत बसत नव्हती. तो रांगेत उभा राहिला. दहनगृहाच्या पायऱ्यांवर रांग हळूहळू सरकत होती, पुढे वानदी हुंदके देत होती आणि मधूनच मागे वळून, "पाय उचल रे, लोक खोळंबलेत," म्हणत होती. पेटीपाशी पोचल्यावर लोक काहीबाही पुटपुटत होते, नीट जा हिया, पुढच्या जन्मी भेटू. थामरोंगने फूल ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरला.

ह्याला दोन वर्षं झाली. मंडळ अजून आहे, थामरोंगच्या शिट्टीऐवजी पोस्टमनने फोनवर कसलासा भोंगा बसवून घेतलाय, तो कधी पंचेचाळीस सेकंदांना वाजतो, कधी वाजतच नाही. चिनी नववर्षाला ख्वान गावी येते तेव्हा थामरोंगच्या घरी मोचीचा डबा घेऊन येते, बसते, त्याचा रक्तदाब बघते, आई बरी आहे म्हणते. आसो दुकानात असते. थामरोंग त्या रस्त्याने गेला तर ती गिऱ्हाइकाशी बोलत असते, आणि गिऱ्हाईक नसलं तर डबे पुसायला घेते.