नाना फाटकापलीकडे राहिले

नानांच्या अंत्यसंस्काराला मी वेळेवर पोहोचलो. नाना मात्र यायचे राहिले होते.

झाशीत मराठी घरात कुणी गेलं, की ओरछा गेटपाशी आमच्या दाराची कडी वाजे. बांबू, सुतळी, मडकं, भटजींना निरोप, घरच्यांना चहा, सगळं आधी आजोबा आणि मग माझे वडील, नाना, बघत. एवढ्या हिंदी मुलखात आपला माणूस आपल्या रीतीने जावा, एवढाच हट्ट. मी शाळामास्तर, पुस्तकात तोंड खुपसलेला. जाताना नाना म्हणाले, "माझ्या वेळी घोळ घालू नकोस. लोक बघतील."

लोक आले. आले, आणि बसले! मयत कुणाकडेही असो, काय करायचं ते आमच्या घरचेच सांगतात, अशी त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. शेवटी शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे, बसलात काय? नानांना विचारा ना कुणीतरी!"

मग सगळे नव्याने रडले.

कशीबशी तिरडी उठली. विस्तवाचं मडकं घेऊन मी पुढे. आजोबांचा नियम होता, मडकं धरणाऱ्याने मागे वळायचं नाही. (या नियमापायी नानांनी भल्याभल्यांना भर रस्त्यात झापलं होतं.) मी रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि मागून चुलतभाऊ बाळूची हाक आली, "दादा, थांब!"

खांदे बदलत असतील, म्हटलं.

"दादाऽ! अरे, फाटक!"

मग इंजिनाच्या शिट्टीत त्याचा आवाज बुडाला. नानांना शोभेल अशा चालीने, डोळे पुसत, मी चालत राहिलो.

घाटावर लाकडं सांगायला कुणी गेलंच नव्हतं. ते काम नानांचं! तिथल्या लाकडं देणाऱ्या रामदीनला काहीच ठाऊक नाही.

"आइए मास्टरजी. नानाजी नहीं आए? आज किसे लाए हो?"

"नानाजी को ही," मी कसंबसं म्हणालो.

तो हादरला. मग माझ्या मागे बघत राहिला. "पर... हैं कहाँ?"

"भैया, मैं मुड़ नहीं सकता. तुम देखो. पीछे कौन है?"

"पीछे तो कुत्ता है, मास्टरजी."

मडक्यातला विस्तव विझत चालला होता. घरचा विस्तव गेला तर नानांना काय तोंड दाखवू? मी फुंकत बसलो. राख डोळ्यांत, नाकात, मिशीत. निखारा लाल झाला की मला रडू येई. रडू आलं की फुंकता येईना!

मालगाडी सावकाश गेली असावी. अखेर माणसं आली, सर्वांत पुढे खांदा दिलेला बाळू, लालबुंद.

"किती हाका मारल्या! वळून बघायला काय झालं होतं?"

"नियम आहे," मी मडकं पोटाशी धरून म्हणालो. निखारा जिवंत होता.

"ज्यांचा नियम, ते फाटकापलीकडे राहिले होते, दादा!"

अजूनही आमची कडी वाजते. फक्त एक अट असते, मास्तरांनी सगळ्यांच्या मागून चालायचं. मला ते जमतं. जन्मभर नानांच्या मागूनच चाललो. पुढे गेलो तो एकदाच, आणि तेव्हा त्यांना विसरून गेलो.