भांडं रिकामं जाऊ नये

सरांच्या निवृत्तीचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात मी ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात मी पनवेलजवळच्या एका कंटेनर यार्डात मालाची कागदपत्रं भरते. पण आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि ते या सरांमुळे. मोऱ्याच्या कोळीवाड्यात येऊन त्यांनी माझ्या बापाला समजावलं नसतं, तर दहावीनंतर मी बाजारात मासळीची पाटी घेऊन बसले असते. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

फोटो एकापुढे एक लावले, खाली एक जुनं सिनेमातलं गाणं घातलं आणि व्हिडिओ चढवला. थोड्याच वेळात साइटने त्याचा आवाज बंद केला. गाण्याची मालकी दुसऱ्या कोणाची तरी होती. सरांच्या गळ्यात हार पडत होते, पोरं टाळ्या वाजवत होती, आणि सगळं मुकं.

ऑफिसातली शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “अगं, फ्री म्युझिक शोध ना. लोक असंच देतात.”

“असंच म्हणजे?”

“असंच म्हणजे फुकट. व्हिडिओखाली फक्त त्यांचं नाव टाकायचं.”

माझा विश्वास बसला नाही, तरी शोधलं. एका साइटवर शेकडो माणसांनी आपापलं संगीत ठेवलं होतं. मला एक तुकडा आवडला, पण तो आधी ऐकायचाच राहणार होता. सुरू केला तर बराच वेळ काही ऐकूच येईना. फाइल खराब असणार म्हणून बंद करणार, तेवढ्यात खोलवरून एक धडधड वर यायला लागली. त्यावर हळूहळू बारीक घंटेसारखे सूर चढले. गाणारं कोणी नाही, तबला नाही, पेटी नाही. सगळं यंत्रावर केलेलं. तरी ते कोणीतरी एकट्याने बसून, जीव लावून केलंय हे कळत होतं.

डाउनलोड करायला गेले तर एक चौकट आली. त्यात लिहिलं होतं की मनाला येईल ती किंमत भरा, शून्यही चालेल. मी शून्य लिहिलं. शून्य हा आकडा तोवर मी फक्त गणिताच्या पेपरावर घाबरत पाहिला होता. इथे तो लिहिल्यावर पुढच्या पानावर चक्क ‘आभार’ आले.

सरांना व्हिडिओ आवडला. फोन करून म्हणाले, “बाळ, मागे ते काय वाजत होतं? रेवसला लाँच निघाल्यासारखं वाटलं.”

मग मला नादच लागला. खांदा कॉलनीतून यार्डाकडे जाणाऱ्या बसमध्ये मी कानात तेच घालून बसायची. एकाने स्वतःच्या फ्रिजच्या घरघरीवर एक तुकडा रचला होता. एकाने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी काहीतरी केलं होतं, आणि ते कुत्रं इतकं सावकाश चालत असणार की तालही मधेच थांबून वास घ्यायचा. त्यांना ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. मला बाजाराच्या टोकाला बसलेल्या कोळणी आठवायच्या. पाटीत ताजे फडफडीत बोंबील असतात, पण गिऱ्हाईक पुढच्या चार पाट्यांपाशीच थांबतं. मी मुद्दाम टोकापर्यंत जायची.

त्याच सुमारास आई माझ्याकडे राहायला आली. बाबा गेल्यावर ती मोऱ्याला एकटीच होती. बाबांची होडी चुलत्यांकडे गेली होती, आणि आता आईचा गुडघा धरला होता. मी मुलगी एकटीच. डॉक्टर इथे जवळ, लिफ्ट आहे, तिच्यासाठी वेगळी खोलीही लावून ठेवली होती. गुडघा हे निमित्त, तिने आता कायमचं माझ्याकडे राहावं असं माझ्या मनात होतं. तिला हे बोलून दाखवलं नव्हतं, पण ती ओळखून होती. येताना तिने दोन लुगडी आणली आणि जुन्या चादरीत गुंडाळून आपलं सूप. सोबत पिशवीभर सुकवलेला जवळा.

“सूप कशाला, आये? इथे मिळतं की.”

“माज्या हाताला बसलेलं मिलतं?”

दिवसभर ती गॅलरीत बसायची. खाली गाड्या, समोर बांधकाम, लांबून हायवे. मी विचारलं, करमत नाही का? ती म्हणाली, “आवाज लय हाय गो हितं. पन आपला एक नाय.”

एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात स्पीकरवर ती पहिली धडधड लावली. आई लसूण सोलत होती. ती थांबली.

“गानारा कुटं हाय?”

“गाणारा नसतो यात.”

“म्हंजे वरात हाय नि नवरा नाय.”

पण तिने बंद कर म्हटलं नाही. संपल्यावर म्हणाली, “परत लाव. तुज्या बापाच्या होडीचं मशीन असंच धरायचं. आदी नाय नाय म्हनायचं, नि मंग धरलं की सोडायचं नाय.” मग विचारलं, “कोनी दिलं तुला?”

मी सांगितलं, कोणी लांबच्या थंड देशातला आहे, ओळख ना पाळख, फुकट दिलंय.

“नि तू भांड्यात काय घातलंस?”

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे शेजारणीने वाटीभर कालवण दिलं, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, दोन लसूण पाकळ्या, पण काहीतरी जातंच. लहानपणी अशा किती वाट्या मी दारोदार पोचवल्या असतील. आणि इथे मी पन्नासेक लोकांच्या वाट्या चाटूनपुसून ठेवून दिल्या होत्या.

“पैसे नकोत म्हणतो तो, आये.”

“पैशे कोन घालतं वाटीत? घरात काय हाय ते घाल.”

घरात काय आहे, याचा विचार करत मी उभी राहिले. आई तोवर गॅलरीत जाऊन जवळा पाखडायला बसली. सूप वर गेलं, खाली आलं. सप्प, सप्प, खर्र. सप्प, सप्प, खर्र. मी फोन घेतला आणि रेकॉर्डिंग चालू करून तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला. मधेच जवळ्याच्या वासाने कावळा कठड्यावर आला, तर ती हात न थांबवता ओरडली, “हूस!”

त्या संगीतकाराला पत्र लिहायचं म्हटल्यावर मला एकच पद्धत येत होती, सरांनी शिकवलेली. वर ‘आदरणीय महोदय’, खाली ‘विषय: ध्वनी पाठवणेबाबत’, मग मजकूर, शेवटी ‘आपली विश्वासू’. सगळं इंग्रजीत, पण बांधणी अर्जाचीच. माझ्या आईने वाटी रिकामी पाठवू नये असं सांगितलं आहे, सबब सोबत सुकी मासळी साफ करतानाचा आवाज जोडला आहे, तरी कृपया स्वीकार व्हावा.

बरेच दिवस काही आलं नाही. आई आडून आडून विचारायची, “त्यानं वाटी घेतली का गो?” तिचा गुडघा एव्हाना सुधारत होता, आणि त्याचा आनंद मला मोकळेपणाने होत नव्हता.

मग उत्तर आलं. महोदय नव्हतेच, बाई होत्या. दिवसा एका बेकरीत काम करतात, उरलेल्या वेळात संगीत. आजवर आपल्याला कोणी आदरणीय म्हटलं नव्हतं, असं लिहून त्यांनी एक नवा तुकडा जोडला होता. आणि एक प्रश्न विचारला होता: ‘हूस’ म्हणजे काय? प्रार्थना आहे का?

मी स्पीकर लावला. आईचं सूप तालाला धरलं होतं. सप्प, सप्प, खर्र, त्याखाली ती खोल धडधड, आणि सगळं भरात आलं की वरून आईचा आवाज, दुमदुमत: हूस... हूस... हूस...

आईने तोंडाला पदर लावला. ती इतकी हसत होती की खुर्ची हलत होती. “मेलीनं कावल्याला पन घेतलं! काय विचारते, पूजा हाय का? व्हय म्हनून सांग!” तिने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. मग हसू ओसरल्यावर नीट ऐकला. तिची बोटं मांडीवर, हातात सूप धरल्यासारखी हलत होती.

“आता पाली आपली,” ती म्हणाली.

“हो. काय पाठवायचं?”

“हितं काय हाय? लिफ्टचं टिंग?” तिने माझ्याकडे पाहिलं. “मी जाते गो. तिकडं आवाज भरपूर हाय, आपलं.”

मला हेच ऐकायचं नव्हतं. “राहा ना इथेच. मी काय कमी करते का?”

“कमी कुटं? तू भरून दिलंस ना. पन भांडं एकाच घरात ठेवलं तर त्याला फिरनं म्हनतात का? त्याला म्हनतात, दाबलं.”

मी भांडले असते, पण हसू आलं, आणि मग रडू. तिने माझ्या डोक्यावर लसणाचा वास येणारा हात ठेवला. पुढच्या आठवड्यात मी तिला मोऱ्याला सोडून आले. सूप तिच्याबरोबर गेलं. मी परत निघताना तिने तिच्या स्टीलच्या डब्यात जवळ्याची चटणी भरून दिली.

आता रविवारी सकाळी तिचा फोन येतो. “हॅलो” म्हणत नाही. आधी नुसती धक्क्यावरची गडबड, बर्फ फोडल्याचा आवाज, कोणाचं तरी नाय नाय म्हणणारं मशीन. मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग लावून फोन त्याच्याजवळ धरते आणि श्वाससुद्धा हळू घेते. मग आई फोन तोंडाशी नेऊन ओरडते, “घेतलंस का?”

“घेतलं, आये.”

“तिला धाड. नि माजा डबा कवा देतेस? तुज्याकडंच बसलाय.”

डबा ओट्यावर घासून पालथा घातलेला असतो. मी तो सरळ करते आणि फ्रिज उघडून बघते, घरात काय आहे.