बापूची पडदानशीन मोटार

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या घरी अंगणात ऊन खात बसले होते. नातवाने फोन माझ्या कानाला लावला आणि पलीकडून भाचा म्हणाला, "आत्या, बाबा गेले..." बापू म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. आम्ही दोघंही पिकली पानं, तेव्हा धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. नातवाने जीप काढली. मी पुढे, खिडकीशी बसले आणि काच खाली घ्यायला लावली. "आजी, धूळ येईल," तो म्हणाला. "येऊ दे," मी म्हटलं. सेनगाव गेलं, हिंगोली गेली, औंढाही मागे पडला आणि दुपारच्या आत मी माहेरच्या दारात होते. कुणाला विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. याच रस्त्यासाठी बापूने एके काळी काय काय उद्योग केले होते ते आठवलं आणि भावाच्या मयताला निघालेली मी वाटेत चक्क हसले. नातू घाबरून माझ्याकडे बघायला लागला. त्याला तेव्हा सांगता आलं नाही. आता महिना होत आला, तेव्हा सगळ्यांनाच सांगते.

बापूच्या खोलीत गेले तर खिडकीचा पडदा जमिनीवर पडलेला. भाच्याच्या बायकोने ओशाळून तो उचलला. "बाबांचा हा पडदा कधी जागेवर राहिलाच नाही बघा, आत्या. आठ दिवस झाले की खाली. पक्का शिवू म्हटलं तर शिवू द्यायचे नाहीत." मी तो तिच्या हातातून घेतला आणि घडी करून ठेवला.

आमचं माहेरचं घर देशमुखीचं. शेतीवाडी होती आणि तिच्यापेक्षा आब जास्त होता. घरातल्या बायकांना कडक गोशा-पडदा. आई लग्न होऊन आली ती दमणीतून, म्हणजे चारी बाजूंनी पडदा लावलेल्या हलक्या बैलगाडीतून, आणि पुढे कधी कुठे गेली तर त्याच पडद्याआडून. मला दिलं तेही गोरेगावच्या तशाच घरात. निजामाचा अंमल होता, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. सासर चांगलं होतं, खायलाप्यायला कमी नव्हतं. पण मामंजींचा एक नियम होता. घरच्या सुनेने परक्या दारात रात्र काढायची नाही. आणि गोरेगावहून आमच्या गावी बैलगाडीने जायचं तर वाटेत एक रात्र पडायचीच. झालं, माझं माहेर बंद! पहिल्या दिवाळसणाला आमचे हे एकटेच जाऊन, ओवाळून घेऊन, नवं धोतर नेसून परत आले. मी इकडे सासूबाईंच्या हाताखाली करंज्या तळत होते. दुसऱ्या दिवाळीलाही तेच. आईला पाहून दोन वर्षं होत आली आणि मला तिचा आवाज आठवेना. त्याची मला फार भीती वाटायची.

हे सगळं बापूच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, "वाटेत रात्र पडते म्हणून पाठवत न्हाईत ना? मग रात्र पडूच देत न्हाई मी."

पुढचं मी बापूच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मी तिथे होते असंच मला वाटतं. आमची हौसा नावाची घोडी हैदराबादच्या एका नवाबसाहेबांनी पसंत केली होती. ती पोचवायला आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बापूला धाडलं. तिथे नवाबसाहेबांच्या धाकट्या चिरंजीवांच्या तबेल्यात त्याला ती दिसली. लाल रंगाची, लांब नाकाची, बिनटपाची, दोन माणसांची विलायती शर्यतीची मोटार! चिरंजीव ती दामटून दामटून कंटाळले होते आणि आता त्यांचं मन घोड्यांवर बसलं होतं. बापूने तिच्या मडगार्डवरून हात फिरवला आणि खुळावलाच. "घोडी इधर, मोटार उधर. बराबर?" चिरंजीवांनी विचारलं. "बराबर!" बापू म्हणाला आणि आबांना विचारायचं असतं हे त्याला हिंगोलीच्या स्टेशनावर उतरल्यावर आठवलं.

मालगाडीच्या उघड्या डब्यातून मोटार खाली आली तेव्हा हिंगोलीचा बाजार स्टेशनावर लोटला होता. बापू ऐटीत बसला, हँडल मारायला दोघे लावले... आणि मोटार ढिम्म. अखेर भाड्याच्या बैलजोडीने ती गावापर्यंत ओढत आणली. दारात आबा उभे. "घोडी कुठं हाये?" त्यांनी विचारलं. बापूने शांतपणे बोनेट उघडलं. "यात हायेत, आबा. एकीच्या बदल्यात धा-बारा आणल्यात." आबा कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याने काही फरक पडला नाही, कारण बापू तेव्हा माणसांशी बोलतच नव्हता. तो मोटारीच्या पोटाखाली होता.

हैदराबादच्या गुळगुळीत रस्त्यांवरची ती नाजूक बाई आमच्याकडच्या गाडीवाटेवर काय टिकणार? दोन्हीकडे चाकोऱ्या खोल, मध्ये मातीचा उंच वरंबा. तिचं पोट त्या वरंब्यावर टेकायचं आणि चाकं हवेत फिरायची. बापूने लोहाराकडून स्प्रिंगांना जादा पाटे बसवून तिला हातभर उंच केली. चिखल अडकायला नको म्हणून मडगार्ड कापून आखूड केले. नाकाशी लोखंडी कडी ठोकली, का तर रुतलीच तर बैल जुंपता यावेत. जू लावायची सोय असलेली ती मुलखातली एकमेव मोटार असावी. शर्यतीची घोडी होती ती बापूने सांडणी केली. पण पळायची... काय पळायची!

अशी ती मोटार घेऊन बापू तिसऱ्या दिवाळीच्या तोंडावर मला न्यायला आला. आधी दुरून घरघर ऐकू आली, मग भोंगा, मग पोरांचा गलका आणि कुत्र्यांचं भुंकणं. मी माजघराच्या दाराच्या फटीला डोळा लावून उभी. मामंजी काठी टेकत मोटारीभोवती हिंडले. चाकं पाहिली, कडी पाहिली, दिव्यांत आपलं तोंडही पाहिलं.

"दिवस मावळायच्या आत पोचते म्हणता?"

"उन्हं उतरायच्या आत, तात्यासाहेब. रात्रीचं नावच काढू नका."

"मोटार झकास हाये," मामंजी म्हणाले. "पर उघडी हाये. आमची सून उघड्यावर न्हाई जायची."

बापूचा चेहरा मी फटीतून पाहिला. तसा उतरलेला चेहरा त्याचा मी पुन्हा कधी पाहिला नाही. मामंजींनाही वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "पडदा करून आणा. आमच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत त्या पडद्याला कुणी हात लावायचा न्हाई. जबान द्या, अन् न्या पोरीला." बापूने जबान दिली आणि रिकामी मोटार वळवून तो निघून गेला. मी चुलीपुढे बसून रडले आणि धुराचं निमित्त सांगितलं.

त्या मोटारीच्या पाठीमागे एक झाकण होतं. ते उघडलं की आत दोन माणसांची बैठक. बापूने घरी जाऊन त्या बैठकीवर बांबूच्या कमट्या वाकवून दमणीसारखा सांगाडा केला, गज बसवला, जुन्या दमणीच्या पितळी कड्या काढून त्यात ओवल्या. पडदा शिवला आईने, आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. एका बाजूला तिने मच्छरदाणीचा वीतभर तुकडा लावला. "जाळी कशाला?" आबांनी विचारलं. "बंद गाडीत पोरीला मळमळतं," आई म्हणाली. मग बापूला बाजूला घेऊन म्हणाली, "सुभीला म्हणावं, जाळीतून रस्ता बघत ये अन् मला सांग. माझ्या माहेराला मी याच रस्त्यानं इतक्यांदा गेले-आले, पर तो कसा हाये ते मला ठावं न्हाई."

बापूने हा निरोप मला गोरेगावची वेस ओलांडल्यावर ओरडून सांगितला. हो, या वेळी मामंजींनी पडद्याच्या कड्या स्वतः मोजल्यासारख्या पाहिल्या आणि जायला सांगितलं. मी आत, ट्रंक पायाशी, डोळा जाळीला. हिरवा अंधार, पेट्रोलचा वास आणि वीतभर जग मागे पळत असलेलं. मी एवढ्यावरच हरखले होते.

"पडदा काढू का रे जरा?" पुसेगावच्या शिवारात मी विचारलं.

"न्हाई. जबान दिली हाये मी," बापू म्हणाला. पुढचा मोकळा रस्ता बघितला. मग म्हणाला, "पर हळू चालवायची जबान न्हाई दिली. घट्ट धर, सुभे!"

आणि त्याने ती सोडली. पाटे कडकडले, ट्रंक नाचायला लागली, मी नागनाथाचा धावा करायला लागले. पडदा फुगला, आत ओढला गेला, पुन्हा फुगला... आणि एकदम फर्रर्र झालं आणि डोक्यावर आभाळ! चोहीकडे पिवळी-तांबूस ज्वारीची रानं, दूर निळे डोंगर आणि तोंडावर वारा, असा वारा की डोळ्यांतून पाणी यावं. मी किंचाळले. मग हसत सुटले. बापूही हसत होता, मागे वळून बघत होता, मी ओरडत होते, "पुढं बघ, मेल्या, पुढं बघ!" सतरा-अठरा वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा रस्ता पाहिला. तो इतका रुंद असतो हे मला माहीत नव्हतं.

मोटार वळवून आम्ही पडदा शोधायला मागे आलो. तो बाभळीवर अडकला होता आणि जवळच्या तांड्यातल्या एका बाईने काठीने खाली काढला होता. अंगभर आरसे, उघडं तोंड, उन्हात लखलखणारी. पडदा माझ्या हातात देत ती खदखदून म्हणाली, "बाई गं, तुझं घर उडून गेलं बघ!"

"तू काढला का पडदा?" मी बापूला विचारलं.

"म्या हात न्हाई लावला. वाऱ्यानं काढला. माझी जबान शाबूत हाये," बापू म्हणाला. गावाच्या वेशीवर आम्ही पडदा कसाबसा पुन्हा बांधला आणि उन्हं उतरायच्या आत दारात उतरलो. माझे केस, भुवया, पापण्या धुळीने पांढऱ्या. आईने मला पाहिलं, जवळ ओढलं, रडली. तिचा आवाज अगदी जसाच्या तसा होता. मग पदराने माझं तोंड पुसत तिने विचारलं, "दिसला का गं रस्ता?"

"सगळा दिसला," मी म्हटलं.

त्या दिवाळीभर मी तिला तो रस्ता सांगत होते आणि आई मध्येच थांबवायची. "जिथं चाकं खडखडतात, मग गाडी डावीकडं कलती, तिथं काय हाये?" मी म्हणायची, "नदीचा उतार." "अन् पुढं गार लागतं तिथं?" "आंबराई." सगळा रस्ता तिला कानांनी पाठ होता. मी फक्त त्यात रंग भरत होते.

पुढे दर वर्षी मामंजींचाच निरोप जायचा, मोटार पाठवा म्हणून. आणि दर वर्षी बापू सगळ्यांना ऐकवायचा, "माझ्या मोटारीची चालच अशी, की पडदा टिकत न्हाई!" मग लढाई आली, पेट्रोल मिळेना, मोटार गोठ्यात राहिली. शेवटच्या गडबडीच्या वर्षात तर बापूने तिची चाकं काढून ती कडब्याच्या गंजीत लपवली. निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीला मी माहेरी आले, तेव्हा बापूने गंज उपसून तिला बाहेर काढलं होतं. लाल रंग कुठेकुठेच उरला होता. त्याने आईला विचारलं, "औंढ्याला येतीस का दर्शनाला?" आबा ओट्यावर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पडदा लावा."

पडदा लागला. आई आणि मी आत. बापूने हँडल मारताना हळूच म्हटलं, "आई, वारा लई हाये आज. मी पळवतोच बघ."

"हळू चालवलीस तरी चालंल," आई म्हणाली. "कड्या कच्च्या दोऱ्यानं टाचल्यात. मागल्यासारख्याच."

बापू हँडल धरून तसाच उभा राहिला. "म्हंजे... तवाबी?"

"मग काय तुझ्या मोटारीच्या वाऱ्यानं माझं लुगडं उडतंय व्हय?"

दहा वर्षांची फुशारकी एका वाक्यात खलास! बापू इतका हसला की त्याला हँडल मारता येईना. शिवार ओलांडलं आणि पडदा अलगद सुटून गेला. आईने डोक्यावरचा पदर एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. खडखड आली तशी ती ओरडली, "हीच ती! हीच ती!" आणि नदीकडे, दगडांकडे, पाण्यावर वाकलेल्या झाडांकडे लेकरासारखी बघत राहिली. बापूने मोटार तिथे बंद केली आणि तिचं बघून होईपर्यंत सुरू केली नाही.

मोटार कधीच मोडीत गेली. पितळी कड्या मात्र बापूने ठेवल्या आणि पुढे आपल्या खोलीच्या खिडकीला लावल्या. तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी भाच्याची बायको तो पडदा घेऊन आली. "आत्या, आता तरी मशीनवर पक्का शिवून घेऊ का?"

"नको," मी म्हटलं. "सुई आण. अन् दोरा कच्चा आण."

सुई तिने ओवून दिली, मला दिसत नाही. कड्या मी टाचल्या. मग तिला म्हटलं, खिडकी उघड.