शुक्रवारची शर्यत

बर्फावरच्या शर्यतींबद्दल मला जे काही कळतं ते सगळं मी बहारीनमध्ये शिकले, आणि तेही एसीसमोर बसून, मांडीवर कांद्याच्या भज्यांची बशी घेऊन. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पुण्यातल्या माझ्या एकाही मैत्रिणीला डाउनहिल आणि स्लालम यातला फरक सांगता येणार नाही. मला येतो.

नव्वदच्या दशकात आम्ही मनामातल्या एका जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतीत राहत होतो. तळमजल्यावर मी, आमचे हे आणि आठ वर्षांची लेक. तिसऱ्या मजल्यावर चाची आणि चाचा, मूळचे रत्नागिरीकडचे. चाचांचं बाजारात मसाल्याचं दुकान होतं. चाचीच्या दोन्ही मुली लग्न होऊन तिकडे कोकणात, त्यामुळे मी आपोआप तिसरी मुलगी झाले आणि हे जावई. चाचांनी गच्चीवर भली मोठी डिश बसवून घेतली होती. तिच्यावर एक जर्मन खेळांचं चॅनल यायचं. बाहेर भिंतीला हात लावला तर चटका बसेल असं ऊन, आणि चाचीच्या टीव्हीवर पांढराशुभ्र डोंगर. नुसतं बघूनच गार वाटायचं.

तिथेच ती आम्हाला भेटली. युरोपातल्या कुठल्याशा डोंगरी देशातली मुलगी, लाल हेल्मेट, वेणी मागे उडतेय, आणि पायाला त्या लांब पट्ट्या बांधून कड्यावरून खाली झेपावतेय. जर्मन कोणालाच येत नव्हतं, म्हणून तिचं चरित्र चाचीनंच रचलं. शर्यतीच्या शेवटी एक म्हातारा डोळे पुसताना दिसायचा, तो तिचा बाप. बाप गुरं राखतो. आई नाही. पहिल्या हिवाळ्यात ती दहावी-बारावी यायची, दुसऱ्या हिवाळ्यात पहिल्या तिघींत, आणि तिसऱ्या हिवाळ्यात तिनं मोठ्ठा काचेचा चषक उचलला तेव्हा चाचीनं अख्ख्या इमारतीत शिरखुर्मा वाटला. खालच्या मजल्यावरच्या मल्याळी कुटुंबाला वाटलं, हिच्या मुलीला मुलगा झाला.

चौथ्या हिवाळ्यात ती पडली. जाळीत जाऊन आदळली आणि हेलिकॉप्टरनं उचलून नेली. डावा गुडघा. चाची दोन दिवस नीट जेवली नाही.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात आमचे हे पडले. हेलिकॉप्टर वगैरे काही नाही. शुक्रवारचं क्रिकेट, समोर ऑफिसातली पोरं, वय चाळिशीला टेकलेलं, आणि नसती हौस म्हणून सीमारेषेवर झेल घ्यायला धावले. डावाच गुडघा. सलमानियाच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, छान झालं. खरी पंचाईत पुढे होती.

हे सित्र्याला तेलाच्या कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. कामच टाक्यांवर चढायचं. चारमजली उंचीच्या लोखंडी टाक्या, त्यांना बाहेरून वळत जाणारा जिना, वर जायचं, मापं बघायची, खाली यायचं. कंपनीनं त्यांना तात्पुरतं स्टोअरच्या टेबलावर बसवलं आणि पत्र दिलं: मार्चअखेर टाकीवर चढउतार करून दाखवा, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नाही. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की लेकीची शाळा, घर, माझी शिपिंग ऑफिसातली नोकरी, सगळंच खलास. ते पत्र मी फ्रिजवर चुंबकानं लावलं. यांनी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मी परत लावलं.

फिजिओथेरपीच्या बहारीनी बाई फार चांगल्या होत्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे त्यांनी मलाही पाठ करायला लावलं. पण हे हॉस्पिटलात करायचे आणि घरी आले की सोफ्यावर. ‘‘करतो गं उद्यापासून.’’ खरं कारण मला माहीत होतं. चढायची यांना भीती नव्हती, उतरायची होती. दुखरा पाय खालच्या पायरीवर टेकवताना चेहरा पांढराफटक पडायचा. मी ओरडायचे, लेक मध्ये येऊन म्हणायची, ‘‘आई, स्टॉप शाउटिंग, प्लीज.’’ घरात हे असं चाललं होतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी चाचीनं वरूनच जिन्यात हाक मारली. ‘‘अगो, जावयाला घेऊन ये! आपली पोरगी परत आली हाय! यल्ला, लवकर!’’

यांनी तीन जिने चढायला वीस मिनिटं लावली. वर पोचलो तर टीव्ही लागलेला, शर्यत अगदी सुरू व्हायच्या बेतात. तीच ती, तेच लाल हेल्मेट, फक्त डाव्या गुडघ्यावर जाड पट्टा. हे खुर्चीत पुढे सरकून बसले. ती सुटली, जपून, वळणावळणाला सावरत. एकतिसावी आली. म्हाताऱ्यानं डोळे पुसले. यांनीही पुसले, पण मला बघू दिलं नाही.

खाली येताना हे सरळ पायरीवर बसले आणि लहान मूल उतरतं तसे बसून एकेक पायरी उतरले. चाची वरून कठड्याला टेकून बघत होती.

मग दर शुक्रवार ठरलेलाच झाला. नाश्ता झाला की वर. कधी ती अठरावी, कधी नववी. कधी चाची सांगायची, आज तिकडे वारा हाय, शर्यत नाय, पण वर येऊन चहा घेऊन जा. रमजान आला. चाचीचा रोजा, तरी यांच्यासाठी चहा तयार. यांनी नको नको म्हटलं तर म्हणाली, ‘‘तुमचा गुडघा रोज्यात नाय, प्या गपचूप.’’ आठवड्यात मध्येही ती काही ना काही कारण काढायची. बरणीचं झाकण निघत नाही, बल्ब गेला, जावयाला पाठव. चाचा चांगले धडधाकट होते, झाकण त्यांनाही काढता आलं असतं.

एकदा मी म्हटलं, ‘‘चाची, आम्हीच एक छोटी डिश घेतो. यांची फरफट वाचेल.’’

चाची असली काही भडकली की मी घाबरलेच. ‘‘डिश घेतलीस तर माझ्या घराची पायरी चढू नको!’’

मला तेव्हा राग आला. आता वाटतं, तीन जिने म्हणजे आमच्या सपाट बहारीनमधला एकुलता एक डोंगर होता आणि तो चाचीला सोडायचा नव्हता.

तशा काही गोष्टी मला खटकायला हव्या होत्या. टीव्ही नेहमी आधीच लागलेला असायचा आणि रिमोट चाची कोणाच्या हातात द्यायची नाही. टीव्हीखालच्या कपाटावर क्रोशाचा रुमाल कायम ओढलेला. एकदा चित्रावर आडव्या रेघा आल्या, तर म्हणाली, ‘‘डिशवर कबुतर बसला असेल.’’ लेक गच्चीवर कबुतर हाकलायला गेली आणि तिला ते सापडलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती शर्यत नेहमी शुक्रवारीच कशी असायची, हा प्रश्न आम्हा एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाला पडला नाही. इतकी वर्षं बहारीनमध्ये काढल्यावर आम्हाला वाटायचं, शुक्रवारी सगळ्या जगाला सुट्टी असते.

यांच्यात मात्र फरक पडत गेला. आधी बसून उतरणं बंद झालं. मग कठड्याला दोन्ही हात, मग एक हात. घरी भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, ती बर्फावर वाकते तसे हे उभे राहायला लागले. लेक शेजारी घड्याळ धरून. मी गणपतीला एकवीस मोदक बोलले, चाचीनं तिकडे कुठल्याशा दर्ग्यात चादर बोलली. दोघींनीही दोन्ही गुडघ्यांसाठी, यांच्या आणि तिच्या, बोलून घेतलं होतं.

चाचणी मार्चच्या शेवटच्या सोमवारी ठरली. तिच्या आधीच्या शुक्रवारी ती जिंकली. वरपासून खालपर्यंत कुठे अडखळली नाही. खाली पोचून तिनं पाटीवर आपली वेळ बघितली आणि आडवीच पडली बर्फात, हात पसरून. चाची सोफ्यावर उभी राहिली. मी रडले. हे उठले, म्हणाले ‘‘चला’’, आणि कठड्याला हात न लावता तीन जिने उतरून गेले. दर पायरीला माझा जीव खालीवर होत होता.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. ‘‘दोनदा चढलो, दोनदा उतरलो. सेफ्टीवाला म्हणाला, मबरूक, अभिनंदन.’’ मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

संध्याकाळी शिरा केला आणि मोठं पातेलं घेऊन वर गेले. चाची स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘टीव्हीखालच्या कपाटात काचेचे बाउल हायत, काढ.’’ आनंदात तिच्याही लक्षात राहिलं नसावं. मी क्रोशाचा रुमाल वर केला. आत व्हीसीआर होता. त्याच्या शेजारी कॅसेटींची चळत, आणि प्रत्येकीवर चाचीच्या शाळकरी मराठी अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. ‘एकतिसावी’. ‘अठरावी’. ‘नववी’. त्याखाली ‘जिंकली, परीक्षेच्या आधी लावणे’. आणि सगळ्यात तळाशी, ‘परत पडली. दाखवू नये’.

चाची दारात उभी होती. हात ओले.

मग तिनं सगळं सांगितलं. शर्यती शनिवार-रविवारी व्हायच्या, आम्ही कामावर असताना. चाचा दुकानातून जेवायला येऊन टेप करून ठेवायचे. पोरगी जिंकली होती ती जानेवारी संपता संपता. पंधरा दिवसांनी परत पडली, उजव्या गुडघ्यावर, आणि खेळ सोडलाच तिनं. ‘‘मी तिला पडताना बघितलंय आणि टीव्ही बंद केलाय. म्हटलं, जावयानं हे बघितलान तर तो बसूनच राहील. तुम्ही गेलात तर मी हयसर कोणाशी बोलू गो?’’

मला राग यायला हवा होता. इतके दिवस आम्ही संपलेल्या शर्यतींसाठी नवस बोलत होतो. पण मी तिला मिठी मारली, ओल्या हातांसकट.

खाली आले आणि यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे शिरा खात होते. उठले, सेफ्टी हेल्मेट घेऊन आले आणि त्याच्या आतल्या पट्ट्यातून घडी केलेला कागद काढला. इंग्रजी पेपरातलं बोटभर कात्रण. फेब्रुवारीतलं. तिच्या पडण्याचं आणि खेळ सोडल्याचं.

‘‘स्टोअरमध्ये दिवसभर काम काय असतं? पेपर वाचायचा,’’ हे म्हणाले.

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग शुक्रवारी एवढं जीव मुठीत धरून काय बघत होतात?’’

‘‘ती पडली म्हणून मी कशाला पडू? आणि वर ती बाई एवढी खटपट करतेय. नाही गेलो तर तिला काय वाटेल?’’

मला कळेना, या माणसाला फटका द्यावा की ओवाळावं. शेवटी मी त्याच्या बशीत आणखी शिरा वाढला.

पुढच्या शुक्रवारी हे आपणहून वर गेले. ‘‘चाची, ती तळातली लावा,’’ म्हणाले. चाची नको नको म्हणत होती. मग लावली, आणि स्वतः ओढणी तोंडावर घेऊन बसली.

ती सुटली. चौथ्या वळणाला तोल गेला, घरंगळली, थांबली. माणसं धावली. चाचीनं टीव्ही बंद केला होता तो इथेच. टेप मात्र चालू राहिली होती. त्यांनी तिला घसरगाडीवर निजवलं, चादरीत बांधलं आणि सावकाश खाली आणायला लागले. दोन्ही बाजूंना लोक टोप्या काढून उभे. आणि शेवटच्या उतारावर तिनं चादरीतून एक हात सोडवला, वर केला आणि हलवला. कॅमेरा जवळ गेला. ती चक्क हसत होती. खाली म्हातारा उभा होता, त्याला ओरडून काहीतरी सांगत होती.

‘‘चाची, बघा,’’ मी म्हटलं.

चाचीनं ओढणीतून एक डोळा काढला. मग दुसरा. ‘‘हसतेय गो!’’ ती म्हणाली. ‘‘इतके दिवस मी उगाच रडत होते, आणि ही हसतेय!’’ आणि स्वतःही हसायला लागली, रडत रडत, ओढणीनं नाक पुसत.

टेप संपल्यावर तिनं कॅसेट बाहेर काढली, नखानं चिठ्ठी खरवडून काढली आणि लेकीकडे पेन मागितलं. नव्या चिठ्ठीवर तिनं, मान वाकडी करून, एकच शब्द लिहिला. ‘उतरली’.