कितवा दिवस?

प्रयागबाईंनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. गंगाखेडच्या त्या शाळेत मी गणित शिकवायला नुकतीच लागले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत टेबलावर कोपर टेकून, ओठ दाबून बसले होते. समोर इंग्रजीचे सर डबा खात होते. दारातून एक थोराड, दमलेली बाई आत आली, तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "कितवा दिवस?"

सरांचा घास हातातच राहिला. मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. "लाजायलाव कशाला? पोट दुखायलंय तर सांगायचं," असं म्हणून बाई गेली. थोड्या वेळानं जाड काचेच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून, माझ्या मांडीवर ठेवून गेली. सर डबा घेऊन व्हरांड्यात गेले ते गेलेच.

शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं. बाई तिथल्या अधीक्षिका. बहुतेक मुलींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयते घेऊन टोळीबरोबर निघायचे, ते उन्हाळ्यापर्यंत मुलींना दिसायचे नाहीत. तोवर त्या सगळ्यांची आई म्हणजे बाई. आई म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर मायाळू मूर्ती आली असेल तर ती पुसून टाका. बाई सदा करवादलेल्या असायच्या. नवऱ्यानं नांदेडला दुसरा संसार मांडला, तेव्हापासून हा शंभर पोरींचा संसार गळ्यात पडला, असं त्या स्वतःच सांगत. "जरा पडते आता," हे त्यांचं पालुपद. चटईवर अंग टाकायचा अवकाश, कुठून तरी "बाईऽऽ" अशी हाक यायचीच. "मरू बी दिऊ नका मला," म्हणत बाई उठायच्या. त्यांना पडलेलं मी कधी पाहिलं नाही.

बाईंची खरी ओळख म्हणजे गच्चीवरची दोरी. सरकारी पॅड कधी यायची, कधी यायची नाहीत. मुली आईच्या जुन्या लुगड्याची फडकी वापरायच्या आणि ती परकराखाली, पलंगामागं, अंधारात वाळवायच्या. ओलसर असतानाच पुन्हा घ्यायच्या. मग खाज, मग जखमा. बाईंनी गच्चीच्या मधोमध, भर उन्हात दोरी बांधली आणि सगळी फडकी तिच्यावर आणून टाकायला लावली. समोरच देऊळ. देवळातले एक आजोबा तक्रार घेऊन आले. बाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन देवानंच पाडलंय ना? मग त्याला काय चोरी?" आजोबा पुन्हा आले नाहीत. मुलींना मात्र धाक बसला. कारण कुणाचं फडकं कोणत्या लुगड्याचं, हे बाईंना पाठ होतं. एखादं फडकं दोरीवरून उतरेचना, की बाई त्या मुलीला गाठायच्या.

रेणुका अशीच सापडली. सोनपेठकडच्या खेड्यातली, नववीतली, गणितात हुशार पोर. महालक्ष्म्यांच्या सणाला घरी जाऊन आली आणि वर्गात फळ्याकडे बघता बघता डुलक्या घ्यायला लागली. बाई रोज विचारायच्या, "कितवा दिवस?" रेणुका म्हणायची, "तिसरा." दोरीवर तिचं निळ्या ठिपक्यांचं फडकं मात्र वाळायचं आणि पुन्हा ओलं होऊन यायचं. एके सकाळी बाईंनी तिला वर्गातून उठवलं. "खोटं बोलू नकू. चल." वर्गशिक्षिका म्हणून मीही बरोबर गेले.

डॉक्टरबाईंसमोर हळूहळू सगळं बाहेर आलं. सोवळ्यात अडचण नको म्हणून आजीनं मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. चुलतबहिणीच्या लग्नात एकदा, मग श्रावणातल्या पूजेला, मग महालक्ष्म्यांना. जशा आठवतील तशा घेतल्या, मध्येच सोडल्या. आता रक्त थांबत नव्हतं, आणि अंगात फारसं उरलंही नव्हतं. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "आजी घरी न्हेईल, मॅडम. शाळा बंद करील," ती म्हणाली.

तिची भीती खोटी नव्हती. आजी खरोखरच न्यायला आली. वाकलेली, बोटं सुजून वाकडी झालेली म्हातारी. "लगीन करून टाकते. लगीन झालं की हे समदं रांकेला लागतंय."

"लगीन म्हंजे काय औषध हाय का?" बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईच्या गोळ्या चालू हायत. पोरगी बरी व्हायलीय. तुमी फकस्त पुन्यांदा ती मेडिकलची गोळी दिऊ नका."

"मग सनाला कुनी करायचं?" आजी एकदम रडायलाच लागली. "ल्योक-सून टोळीची आगाऊ उचल फेडाया मुकादमाच्या दारात राबत्यात. माझे हात हे असे. पुरन कुनी वाटायचं? सोळा भाज्या कुनी करायच्या? हौस हाय का मला पोरीला गोळ्या चारायची?"

बाईंनी एक लांब सुस्कारा सोडला, दमलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी एक पोतं चढावं तसा. "मी येते," त्या म्हणाल्या. "माझी पाळी जाऊन वर्सं झाली. मला अडचन न्हाई. पुढल्या महालक्ष्म्याला पुरन मी वाटते. पोरीला शाळंत राहू द्या."

मला वाटलं, वेळ मारून नेली. पण पुढच्या वर्षी बाई खरंच सोनपेठच्या एसटीत बसल्या. योगायोग असा की रेणुकाची पाळी नेमकी तेव्हाच आली. ती अंगणात खाटेवर पुस्तक घेऊन, पोटाशी गरम बाटली धरून बसली, आणि आत बाईंनी आजीच्या शिव्या खात पुरण वाटलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या जुन्या चिंचोकी रंगाच्या लुगड्यावर पदरापासून गुडघ्यापर्यंत हळदीचे डाग होते. "म्हातारी लय कजाग हाय," एवढंच म्हणाल्या. "जरा पडते आता."

त्या हिवाळ्यात रेणुका दहावीचा अभ्यास गच्चीवर उन्हात बसून करायची. तिला एक गणित अडलं म्हणून मी वर गेले होते. समजावून सांगताना तिचं लक्ष वहीत नव्हतं. ती दोरीकडे बघत होती. शेवटच्या टोकाला एक चिंचोकी फडकं वाळत होतं. धुऊनही न गेलेला हळदीचा डाग त्यावर होता.

"मॅडम, हे लय दिवसांपासून हाय," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात धुण्याची बादली घेऊन बाई जिना चढून आल्या. कठड्याला धरून श्वास घ्यायला थांबल्या. रेणुका उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. तिनं विचारलं, "कितवा दिवस, बाई?"

बाईंनी दोरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ज्या बाईनं उभ्या गावाला हा प्रश्न विचारला, तिची मान खाली गेली.

"तिसरा," त्या म्हणाल्या.

"खोटं बोलू नका," रेणुकानं त्यांच्या हातातली बादली घेतली. "चला."

परभणीच्या दवाखान्यात कळलं की पाळी गेल्यानंतर असं रक्त येणं म्हणजे धोक्याची घंटा असते, आणि बाईंनी ती उन्हाळ्याच्या सुट्टीपासून ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. सणाला पुरण वाटतानाही रक्त चालूच होतं. कॅन्सर गर्भाशयाबाहेर पसरला होता. मला फार राग आला. "सगळ्या जगाला शिकवत होतात," मी त्यांच्यावर ओरडलेच. "मग स्वतःचं का लपवलं? लाज वाटली?"

"लाज कधीच गेल्ती गं," बाई म्हणाल्या. "इचारायची सवय होती. मला कुनी इचारंल, असं वाटलंच न्हाई."



बाई पुन्हा वसतिगृहात आल्या नाहीत. परीक्षा संपली त्या दिवशी रेणुका पेपर देऊन थेट मला घेऊन दवाखान्यात आली. बाईंची कंबर ठणकत होती. रेणुकानं नर्सकडून गरम पाणी मागून आणलं, बाटली भरली, टॉवेलात गुंडाळली, हाताला लावून चटका बघितला आणि बाईंच्या कमरेशी ठेवली. मग त्यांच्या पायाशी बसून राहिली.

बाईंनी डोळे मिटले. "जरा पडते आता," म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात माणसांची ये-जा चालू होती, कुणाकुणाच्या नावाचे पुकारे होत होते. बाईंना मात्र कुणी हाक मारली नाही.